अठरा नंबरचं धोतर

परवा दोन माणसं घरी येऊन गेली. धुळ्याला तात्या मास्तरांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं आहे, त्यासोबत एक पुस्तक काढायचं आहे, त्यांच्या घरी राहून शिकलेले तुम्ही शेवटचे उरलात, तेव्हा चार चांगल्या आठवणी द्या म्हणाले. त्यातला एक जण मास्तरांना सारखा महर्षी म्हणत होता. मी त्यांना चहा दिला. स्वतःच करून दिला, कारण करणारी गेली त्याला चौदा महिने झाले. चहा गोडमिट्ट झाला होता, तरी दोघांनी प्यायला. मग मी त्यांना सांगितलं की चांगल्या आठवणी माझ्याकडे नाहीत, आणि ज्या आहेत त्या तुमच्याच्यानं छापवणार नाहीत. ते हसले. म्हाताऱ्याला मस्करी करायची सवय असेल असं त्यांना वाटलं. मी मस्करी करत नव्हतो. ते गेल्यावर मी ही वही उघडली. माझी शाळा मराठी चौथीपर्यंत, लिहिताना ऱ्हस्वदीर्घ इकडंतिकडं होईल. पण राग इकडंतिकडं झालेला नाही. तो मी आयुष्यभर उलटून पालटून बघितलेला आहे.

आमचं घर जळगावात, सुतारकामाचं. माझे वडील, त्यांना सगळा गाव आबा म्हणायचा आणि मीही आबाच म्हणायचो, ते दारं-खिडक्या करायचे, पण नाव झालं ते तसबिरीच्या चौकटींमुळे. त्या काळात छापील देवांची चित्रं घरोघर गेली होती आणि प्रत्येकाला चौकट लागायची. ओसरीत सागाच्या भुशाचा वास, रंधा चालण्याचा आवाज, त्यात मधेच कापसाच्या जिनिंग गिरणीचा भोंगा व्हायचा आणि आबा रंधा खाली ठेवून पाणी प्यायचे. आई मी लहान असताना गेली. स्वयंपाक आत्या करायची, कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा, वांग्यांच्या दिवसात भरीत, आणि आबा खूश असले तर शेवेची भाजी. आलेली चित्रं चौकटीत जायच्या आधी दोन-चार दिवस आमच्याकडे पडून असायची. मी कोळशानं मागच्या भिंतीवर ती उतरवायचो. आबांनी एक दिवस ती भिंत बघितली. मला वाटलं मार बसणार. ते म्हणाले, "आपल्या घराण्यानं चौकटीच केल्या. आत काय घालायचं ते तू शिक." तेवढ्या एका वाक्यावर त्यांनी मला धुळ्याला धाडलं. चाळीसगावला गाडी बदलून आम्ही गेलो, आणि आबांनी मास्तरांच्या पायावर मला घातलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी आठवलं की आजही माझी मूठ वळते.

मास्तरांचं घर पांझरा नदीच्या काठच्या एका बोळात होतं. बोळाच्या तोंडाशी तांबटांची दुकानं, त्यामुळे दिवसभर ठाणठाण चालू. पलीकडे, दोन बोळ सोडून, पैलवानांची तालीम होती. ही तालीम लक्षात ठेवावी, कारण मास्तरांनी ती कधीच लक्षात घेतली नाही. मास्तर अंगानं बारीक, बोटं मात्र लांब आणि स्वच्छ, डोक्याला कायम पगडी. ते मुंबईला कोणा मोठ्या चित्रकाराकडे शिकून आले होते आणि अख्ख्या खानदेशात माणसाचा चेहरा त्यांच्यासारखा कोणी काढत नव्हता. हे मी खोटं बोलणार नाही. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकूंचं सोवळं कडक होतं, हात मात्र सढळ. मांडे करायच्या दिवशी खापर तापायचं तेव्हा त्या मला मुद्दाम जवळ बसवायच्या आणि पहिला मांडा माझ्या ताटात पडायचा. पण त्या घरात पाव चालत नव्हता. आणि कोळशाची रेघ पुसायला पावासारखं दुसरं काही नाही. भाकरीनं पुसून बघितलं, कागद काळा झाला. मग मार्ग असा निघाला की पाव बाहेरच्या ओट्यावरच्या कोनाड्यात ठेवायचा, आणि पुसायचं असलं की कागद घेऊन ओट्यावर जायचं. पाव आणायचा तो हबीब. हा कल्हईवाल्याचा मुलगा, माझ्याहून वर्षा-दीड वर्षानं मोठा, माझ्याबरोबर शिकायचा, पण बसायचा ओट्यावरच. तो म्हणायचा, "मी आणि पाव एकाच जातीचे, भिका. आम्ही दोघं बाहेर बसतो आणि तुमच्या चुका पुसतो."

शिकवणं असं होतं. मास्तरांकडे एक मोठी चामडी फाईल होती. तिच्यात चाळीसेक छापील चित्रं, परदेशातल्या जुन्या उस्तादांनी काढलेल्या माणसांची. त्या उस्तादांना मरून तीनशे-चारशे वर्षं झाली असं मास्तर सांगायचे. नावं कधी सांगितली नाहीत. बहुतेक त्यांनाही सगळी ठाऊक नसावीत. आम्ही चित्रं नंबरानं ओळखायचो. सात नंबर म्हणजे लेकराला पाजणारी बाई, सोळा नंबर म्हणजे दाढीवाला म्हातारा, अठरा नंबर म्हणजे एका पायावर भार देऊन उभा राहिलेला तरुण, हातात धोंडा. लाकडी चौकटीवर दोऱ्यांची जाळी ताणलेली असायची. ती चित्रावर ठेवायची, आपल्या कागदावर तेवढेच चौकोन आखायचे, आणि एकेक चौकोन उतरवत जायचं. एक चित्र दोन-दोन महिने चालायचं. मास्तर मागून येऊन बघायचे आणि नखानं दाखवायचे, इथं छाया जड झाली, इथं बोटाचं पेर लांबलं. त्यांचं म्हणणं असं की आधी तीन वर्षं उस्तादांची नक्कल, मग जिवंत माणूस. जिवंत माणूस हलतो, उस्तादाचा माणूस हलत नाही, म्हणून शिकणाऱ्यानं न हलणाऱ्यापासून सुरुवात करावी. ऐकायला बरं वाटतं. मलाही वाटलं होतं.

आता मुख्य गोष्ट. ही माणसं बहुतेक उघडी होती. तिकडच्या उस्तादांना त्याचं काही वाटत नसावं. पण फाईलमधल्या एकाही चित्रात माणूस उघडा नव्हता, कारण प्रत्येकाच्या कमरेवर कागद चिकटवलेला होता. पांढऱ्या कागदाचं धोतर कातरून, त्यावर शाईनं निऱ्या काढून, खळीनं घट्ट बसवलेलं. बायांना तसंच लुगडं. कमरेच्या वर उस्तादाचं काम, मांडीच्या अर्ध्यापासून खाली उस्तादाचं काम, मध्ये वीतभर कोणा देशी माणसाच्या निऱ्या. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं की या चौकोनांचं काय करायचं. मास्तर म्हणाले, आहे तसं उतरव, तिथं शिकण्यासारखं काही नाही. मग आम्ही निऱ्याही उतरवल्या. चौकोनाला चौकोन. हबीब हसायचा, म्हणायचा की या गोऱ्या लोकांना आपल्या मास्तरांनी एकाच दुकानातून कापड घेऊन दिलंय. मी हसायचो आणि निऱ्या काढायचो. अठरा नंबर मी पाच वेळा काढला. पाचव्या वेळी ते धोतर मला डोळे मिटून काढता येत होतं.

अडीच वर्षं गेली. माझा हात तयार झाला, हे मी आज कोणाचा आदर न ठेवता सांगतो. मास्तरांकडे चित्रं करून घ्यायला यायचे ते बहुतेक गेलेल्या माणसांच्या घरचे लोक. कोणाचे वडील, कोणाचे आजोबा, एखादा लहानसा फोटो असायचा नाहीतर तोही नसायचा, नातवाचं नाक बघून आजोबांचं नाक काढायचं. मास्तर चेहरा करायचे. हात, अंगठी, काठीची मूठ, शालीची किनार मी करायचो. सगळी माणसं खुर्चीत बसलेली. सगळ्यांच्या मांडीवर शाल. मला वाटायचं की मोठी माणसं अशीच बसत असतील. मी खेडवळ सुतार, मला काय कळतंय. शाल का, हे मला तेव्हा दिसायला हवं होतं. दिसलं नाही.

मग मुंबईच्या चित्रकलेच्या मोठ्या शाळेतले एक परीक्षक धुळ्याला येणार असं कळलं. खानदेशातून एका मुलाला तिकडं घ्यायचं, राहण्याजेवणाची सोय शाळेची. वयाची अट होती आणि मी त्या अटीच्या काठावर होतो, म्हणजे त्या वर्षी नाही तर कधीच नाही. मास्तरांनी माझं नाव दिलं. हबीबचं दिलं नाही, का ते मी विचारलं नाही, ही माझी लाज. आबांना कळवलं. आबांनी जळगावात चौकट न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की पोरगा मुंबईला चालला. त्याच वर्षी माझं लग्नही उरकून टाकलं होतं, पारोळ्याजवळच्या खेड्यातली मुलगी, कौतिक. ती अजून नांदायला आली नव्हती. तिच्या माहेरीही निरोप गेला.

परीक्षा एका शाळेच्या मोठ्या खोलीत. आम्ही अकरा मुलं. परीक्षक शांत गृहस्थ होते, मराठी बोलायचे. त्यांनी दार उघडलं आणि तालमीतल्या बाबू पैलवानाला आत घेतलं. अंगावर फक्त लंगोट, हातात लाठी. पैलवान एका पायावर भार देऊन उभा राहिला आणि परीक्षक म्हणाले, दिवस मावळेपर्यंत वेळ आहे, आख्खा माणूस काढा. माझ्या पोटात आनंद मावेना. हा तर माझा अठरा नंबर. धोंड्याच्या जागी लाठी, बस. मी डोकं काढलं, मान काढली, गळ्याखालची हाडं, छाती, पोटाचे पेड. पैलवान घामेजला होता, ती चमकसुद्धा धरली. शेजारची मुलं आपले कागद सोडून माझ्याकडे बघायला लागली. मग मी पायांकडे गेलो. पंजे, घोटे, पोटऱ्या, गुडघे. सगळं बरोबर. दुपार झाली तेव्हा कागदावर वर अर्धा माणूस होता, खाली अर्धा माणूस होता आणि मध्ये मोकळी जागा.

मी पैलवानाच्या कमरेकडे बघितलं. देवाशपथ सांगतो, मला काही दिसलं नाही. माणूस समोर आठ हात अंतरावर उभा, उजेड चांगला, आणि मला काही दिसत नव्हतं. मांडी कुठून सुरू होते, भार पडलेल्या बाजूचं हाड वर जातं की खाली, पोट कुठं संपतं, डोळ्यांना काही पकडताच येईना. वेळ चालला होता. मग हातानं त्याला येत होतं ते केलं. हातानं निऱ्या काढल्या. खाली मान घालून मी भराभर काढत गेलो आणि जोडल्यासारखं वाटलं म्हणून मला बरंही वाटलं. परीक्षक माझ्या मागं येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही. ते म्हणाले, "हे धोतर कुठून आणलंस?"

मी वर बघितलं. पैलवान लंगोटावर उभा होता आणि माझ्या कागदावर त्याला अठरा नंबरचं धोतर नेसवलेलं होतं. खोलीत हशा झाला. पैलवानही लाठी टेकून बघायला आला. तो काही वाईट माणूस नव्हता. त्यानं चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खरंच कळत नसल्यासारखं विचारलं, "मी धोतर कवय नेसनू रे भाऊ?" कधी नेसलो, हेच त्याला कळेना. परत हशा. परीक्षक हसले नाहीत. ते हसले असते तर परवडलं असतं. ते माझ्या शेजारी बसले आणि हळू म्हणाले, "वरचा माणूस तुला येतो. खालचाही येतो. पण ही दोन माणसं आहेत. तुला कोणी एक माणूस शिकवला नाही का?" जागा भुसावळकडच्या एका मुलाला मिळाली. त्याचे हात काठीसारखे होते, पण माणूस एक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल ऐकून मी मास्तरांच्या घरी परतलो. काकू कथेला गेल्या होत्या, मास्तर नदीवर. मी फाईल काढली, अठरा नंबर पाटावर ठेवला, ताम्हणातलं पाणी बोटानं त्या धोतरावर लावत बसलो. खळ जुनी होती, सुटायला वेळ लागला. कडा उचलली, मग कागद हळूहळू सोलत आला. खाली काही नव्हतं. कोणीतरी पात्यानं तेवढी जागा खरवडून काढली होती, इतकी की कागद पापुद्र्यासारखा पातळ झाला होता. मी सात नंबर भिजवला. तेच. बावीस नंबर भिजवला. तेच. मास्तर ओल्या धोतरानं दारात उभे होते. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले नाहीत. म्हणाले, "मला माझ्या गुरूंकडून अशीच मिळाली. मी पण एकदा उचलून बघितलं होतं. तुझ्याच वयाचा होतो."

"मग?"

"मग परत चिकटवलं."

मी काय काय बोललो ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. मी त्यांना विचारलं की दोन बोळांवर तालीम आहे, तिथं वीस माणसं रोज सकाळी उघडी उभी असतात, तुम्ही एकदा तरी का गेला नाहीत. तुम्ही रोज नदीवर जाता, तिथं अख्खं धुळं लंगोटीवर आंघोळ करतं, तुम्ही एकदा तरी का बघितलं नाहीत. म्हणून तुम्ही सगळ्यांना खुर्चीत बसवता, म्हणून सगळ्यांच्या मांडीवर शाल घालता. ते म्हणाले, वडीलधाऱ्यांनी जिथं झाकलं तिथं आपण बघू नये. मी म्हणालो, मग दुसऱ्यांची पोरं कशाला घेता. ते आत जाऊन कोरडं धोतर नेसून आले आणि सुटलेले कागद एकेक करून उन्हात वाळत घालायला लागले. वाळवून परत लावायला! ते बघून मी माझी ट्रंक उचलली. ओट्यावर हबीब होता. तो म्हणाला, मला परीक्षेला बसवलं नाही ते बरंच झालं म्हणायचं, माझी अब्रू राहिली. मी त्याच्याशीही धड बोललो नाही.

आता इतक्या वर्षांनी कोणी विचारेल की तू स्वतः का नाही बघितलंस. मीही अडीच वर्षं त्याच नदीवर आंघोळ केली. हा प्रश्न मी स्वतःला विचारलेला आहे आणि त्याचं उत्तर मला आवडत नाही. मला बघायला शिकवलं होतं ते कागदावर. कागदाबाहेर बघायचं असतं हे मला सुचलंच नाही. पण शिकवणारा मी नव्हतो. शिकणाऱ्याला जे सुचत नाही ते सुचवायलाच मास्तर असतो. त्यामुळे माझा राग जाग्यावर आहे.

मी जळगावला आलो. आबांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात रंधा दिला, तेवढ्यानं त्यांना सगळं कळलंय हे मला कळलं. मी रंधा मारायला लागलो. कोळसा हातात घेतला नाही. चार-पाच महिन्यांनी कौतिक नांदायला आली. ठसठशीत, उंच, आवाज मोठा. आत्याला तिचा आवाज खपायचा नाही. घर आवरताना तिला माळ्यावर माझ्या नकलांचं भेंडोळं सापडलं. तिनं ते ओसरीत पसरलं आणि चण्याची डाळ निवडता निवडता बघत बसली. मी चिडून उचलायला गेलो तर तिनं अठरा नंबरावर हात ठेवला. म्हणाली, "हाऊ माणूस बसस कसा?"

मला कळेना. ती म्हणाली की याचे पाय कुठं चिकटलेत ते बघा, हा उभा राहील, पण बसायला गेला की मोडेल. शाळेचं तोंड न बघितलेली बाई. परीक्षकांना जे समजावून सांगायला शेजारी बसावं लागलं ते तिनं डाळ निवडता निवडता सांगितलं. मी तिच्यावर ओरडलो. तिला काय कळतं म्हणालो. ती गप्प बसली नाही. दुसऱ्या दिवशी आबा आणि आत्या बाजारला गेले होते. ती मागच्या अंगणात पाण्याचा हंडा कमरेवर घेऊन उभी राहिली आणि मला हाक मारली. म्हणाली, "कागदमा काय देखतस? मी उभी शे ना आठे." मी म्हणालो, इथं कशाला उभी राहतेस, हंडा ठेव, वेडेपणा करू नको. तिनं माझा हात धरून लुगड्यावरूनच आपल्या कमरेच्या हाडावर ठेवला. "आठे हाड शे. आते देखा." आणि तिनं भार एका पायावरून दुसऱ्यावर घेतला. माझ्या हाताखाली ते हाड वर सरकलं, दुसऱ्या बाजूचं खाली गेलं. पाठ त्याच्यामागं वळली, खांदा उलटा कलला. माझे कान तापले. तिनं ते बघितलं आणि म्हणाली, "लगीन कराले लाज नही वाटनी, आते वाटस?"

तेवढंच होतं. अडीच वर्षांत जे मिळालं नाही ते एका हंड्याइतकं होतं. मी आत जाऊन कोळसा आणला. त्यानंतर ती जात्यावर बसली की काढ, पाखडायला लागली की काढ, लाकडं फोडताना काढ. कासोट्याच्या लुगड्यात मांडी कशी फिरते, गुडघा कसा ओढला जातो, सगळं दिसतं, बघणाऱ्याला. काम थांबवून ती कधी उभी राहिली नाही. म्हणायची, मला काय तुमच्या गोऱ्या माणसासारखा दुसरा धंदा नाही? आत्यानं आकांत केला, आबांनी तिला गप्प केलं. ते कागद आजही घरात आहेत. कोणाला दाखवत नाही.

वर्षभरानं काकूंचा निरोप आला, त्यांच्या भाचीचं लग्न, जोडीनं या. मी जाणार नव्हतो. कौतिक म्हणाली, त्या बाईनं तुम्हाला जेवू घातलंय, जायचं. मग मी गेलो, पण एक कागद गुंडाळून सोबत घेतला. तिचा, हंडा घेऊन उभी असतानाचा, पूर्ण उंचीचा. मला तो मास्तरांच्या तोंडावर मारायचा होता, दुसरं काही मनात नव्हतं. लग्न झाल्यावर दुपारी काकू कौतिकची ओटी भरायला तिला आत घेऊन गेल्या आणि मी मास्तरांच्या पुढं कागद उलगडला. ते खुर्चीत होते. चष्मा लावला, कागद जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला. बाहेर तांबटांचं काम चालू होतं. मला वाटलं आता म्हणतील की घरच्या बाईला असं काढतात का. तसं म्हणाले असते तर काय बोलायचं ते माझं ठरलेलं होतं. मग ते पगडी काढून मांडीवर ठेवत, माझ्याकडे न बघता, लहान मुलासारखं म्हणाले, "भिका, ही मांडी इथून कशी वळवलीस?"

साठीचा माणूस. खानदेशात ज्याच्यासारखा चेहरा काढणारा नव्हता तो. त्यांचं लांब बोट बरोबर त्या जागेवर टेकलेलं होतं. मला सांगायला किती वेळ लागला असता? उभे राहा, हात कमरेवर ठेवा, भार इकडचा तिकडं घ्या. बस. त्यांच्या स्वतःच्या अंगावरच त्यांना कळलं असतं. मी कागद त्यांच्या बोटाखालून ओढून घेतला आणि गुंडाळला. म्हणालो, "वडीलधाऱ्यांनी झाकलंय ना, मास्तर. तिथं शिकण्यासारखं काही नाही." त्यांनी मान हलवली, दोनदा, जसं काही मी बरोबर उत्तर दिलं. पुढं ते चार वर्षं जगले आणि चारही वर्षं त्यांनी माणसं बसवूनच काढली, असं हबीबनं मला कळवलं होतं.

परतताना आम्ही सर्व्हिस मोटारीनं, म्हणजे तेव्हाच्या बसनं, आलो. धुळं सुटेपर्यंत मी खुशीत होतो. कौतिकला सगळं सांगितलं, ते काय म्हणाले, मी काय म्हणालो, त्यांचं तोंड कसं झालं. ती ऐकत होती. मला वाटलं ती हसेल, माझ्या बाजूनं दोन शिव्या देईल, शिव्या तिला छान यायच्या. तिनं एवढंच विचारलं की मग सांगितलं का त्यांना. मी म्हणालो, नाही म्हणजे नाही, कशाला सांगू, त्या माणसानं माझं आयुष्य बसवलं. ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "हाड मनं व्हतं. सांगी देतात तं तुमनं काय जातं?"

हाड म्हणे तिचं, आणि सांगितलं असतं तर माझं काय गेलं असतं! मी तिच्यावर इतका चिडलो की शेजारचे वळून बघायला लागले. तुला कोणाची बाजू घ्यायची कळत नाही म्हणालो, अजून बरंच म्हणालो. तिनं उलटं उत्तर दिलं नाही, हे त्या बाईच्या बाबतीत एकदाच घडलं. पारोळं आलं, तिचं माहेर तिथून कोसावर, तिनं उतरायचं नाव काढलं नाही. एरंडोल गेलं. जळगाव येईपर्यंत मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं हे मला तिथंच, मोटारीत, कळलं होतं. तेही मी कधी सांगितलं नाही.